दर उन्हाळ्यानंतर लॅपटॉपचा बॅकअप घटतो: कारण कसे शोधावे आणि चार्जिंगच्या कोणत्या सवयी बदलाव्यात

नवीन लॅपटॉप चार-साडेचार तास चालतो, पहिला उन्हाळा गेल्यावर अडीच तासांवर येतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर चार्जरची पिन काढताच काही मिनिटांत बंद पडतो. ही तक्रार नागपुरात इतक्या घरांतून ऐकू येते की बॅटरी दीड-दोन वर्षांत बसणारच, असे पुष्कळ जणांनी गृहीत धरले आहे. मीही तसेच धरले होते आणि त्या समजुतीपायी एकाच लॅपटॉपच्या दोन बॅटऱ्या गमावल्या. ज्यांची बॅटरी बदलूनही तोच त्रास पुन्हा सुरू झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मूळ कारण न शोधता नुसती बॅटरी बदलली, तर तिसरी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

आमचे घर मानेवाड्यात आहे, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर. मी बांधकामांची अंदाजपत्रके तयार करण्याचे काम घरूनच करतो आणि लॅपटॉप सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत टेबलावरच असतो. चार्जर कायम लावलेला ठेवला म्हणजे बॅटरी वापरली जाणार नाही आणि वापरली गेली नाही म्हणजे ती टिकेल, हा माझा हिशेब होता. पहिली बॅटरी चौदा महिन्यांत बसली तेव्हा मी ती सदोष होती असे मानले. दुसऱ्या बॅटरीच्या वेळी, मे महिन्याच्या शेवटी, टचपॅडची डावी बाजू दाबली जाईना. मला ते धुळीचे काम वाटले. चार-पाच दिवसांनी लक्षात आले की टेबलावर ठेवलेला लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुगडुगतो आहे आणि खालच्या झाकणाच्या फटीत पोस्टकार्ड सहज सरकते आहे.

सीताबर्डीतल्या दुरुस्ती दुकानात कारागिराने खालचे स्क्रू काढले, तेव्हा झाकण जणू आतून कोणी ढकलावे तसे आपोआप वर आले. बॅटरीच्या तीन चपट्या चंदेरी पिशव्यांपैकी मधली उशीसारखी फुगली होती आणि तिनेच टचपॅडला खालून रेटा दिला होता. त्याने ती बोट न दाबता हलकेच बाजूला ठेवली आणि विचारले, "लावूनच ठेवता का जी दिवसभर?" मी हो म्हणालो. "शंभरावर ठेवता अन् वरून आपलं नागपूरचं ऊन. मंग कशी टिकन ते?" एवढ्या दोन वाक्यांत त्याने जे सांगितले, तेच नंतर मी आकड्यांवरून तपासून पाहिले आणि ते खरे निघाले.

आधी आकडे पाहावेत

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर हे काम दोन मिनिटांचे आहे. स्टार्टच्या शोधपेटीत कमांड प्रॉम्प्ट उघडावे आणि इंग्रजी लिपीत 'पॉवरसीएफजी' हा शब्द टंकावा. पॉवर या शब्दाला सी, एफ आणि जी ही तीन अक्षरे जोडून तो होतो. मग एक जागा सोडून तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळीवरची) आणि तिला लागूनच, मध्ये जागा न सोडता, 'बॅटरीरिपोर्ट' असे लिहून एंटर दाबावे. अहवालाची फाइल कुठे साठवली आहे ते पडद्यावर येते आणि ती फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यातले तीनच आकडे महत्त्वाचे आहेत: डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना बॅटरीत मावायला हवी ती ऊर्जा, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज प्रत्यक्षात मावणारी ऊर्जा, आणि सायकल काउंट म्हणजे बॅटरीने पूर्ण केलेली चक्रे. काही मॉडेलांत हा तिसरा आकडा नोंदला जात नाही आणि त्या जागी नुसती रेघ दिसते.

चक्र म्हणजे चार्जर किती वेळा लावला याची मोजणी नव्हे. आज निम्मी बॅटरी वापरून पुन्हा भरली आणि उद्याही तसेच केले, तर दोन दिवसांचे मिळून एक चक्र होते.

माझ्या दुसऱ्या बॅटरीचा अहवाल मी योगायोगाने एप्रिलमध्ये काढून ठेवला होता. डिझाइन कपॅसिटी ५०,००० मिलिवॅट-तास, फुल चार्ज कपॅसिटी ३०,२०० आणि चक्रे फक्त ६१. लॅपटॉपच्या बॅटऱ्या साधारणपणे तीनशे ते पाचशे चक्रांनंतरही मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के ऊर्जा साठवतील, अशा हिशेबाने बनवलेल्या असतात. काहींची मर्यादा एक हजार चक्रांपर्यंतही असते. मग अवघ्या ६१ चक्रांत ४० टक्के क्षमता जाते कशी? ती वापरामुळे गेलेली नाही, हे या एका आकड्यावरूनच सिद्ध होते. बॅटरी न वापरता, जागच्या जागी म्हातारी झाली होती.

आपल्या अहवालातही चक्रे कमी आणि घट मोठी असेल, तर पुढचे सर्व आपल्यालाच लागू आहे. चक्रे पाचशेच्या पुढे गेली असतील आणि क्षमता ७०-७५ टक्के उरली असेल, तर बॅटरीने आपले काम नीट केले आहे. ती बदलावी आणि निश्चिंत व्हावे.

न वापरलेली बॅटरी का झिजते

लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात आहे आणि तिच्या मूळ संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तरीही चार्जिंगबद्दलच्या आपल्या पुष्कळ सवयी तिच्या आधीच्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातल्या आहेत. बॅटरी पूर्ण उतरवून मगच भरावी, हा सल्ला त्या जुन्या बॅटरीसाठी योग्य होता. लिथियम-आयनला तो अपायकारक आहे.

या बॅटरीचा एक सेल, म्हणजे त्या चंदेरी पिशव्यांपैकी एक, पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो, काही नव्या सेलमध्ये थोडा अधिकही. या दाबाला आतला द्रव धनाग्राजवळ हळूहळू विघटित होतो, ऋणाग्रावरचा संरक्षक थर जाड होत जातो आणि त्या थरात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. याच विघटनातून वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. उष्णता या सर्व क्रियांचा वेग वाढवते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा शाळेत शिकलेला नियम इथेही उपयोगी पडतो. या विषयात नेहमी दिले जाणारे आकडे असे आहेत: ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते आणि पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के, तीच बॅटरी ४० अंशांत ठेवली तर ४० टक्के भरलेलीची ८५ टक्के राहते आणि पूर्ण भरलेलीची फक्त ६५ टक्के.

आता हे आपल्या शहराला लावून पाहावे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर असणे ही तर दर वर्षीची गोष्ट आहे. वरच्या मजल्यावरची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री अकरालाही खोलीत उष्णता सोडत राहते. कूलर बंद असेल तर माझ्या खोलीत संध्याकाळी ३९ अंश असतात. त्यात लॅपटॉपच्या प्रोसेसरची उष्णता मिळाली की तळाशी बसलेली बॅटरी ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. म्हणजे पूर्ण भरलेली आणि भाजलेली, या दोन्ही अवस्थांत माझी बॅटरी दिवसाचे तेरा तास काढत होती.

चार्जर लावून ठेवल्याने 'ओव्हरचार्ज' होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. बॅटरी भरली की आतले सर्किट चार्जिंग थांबवते आणि लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो. चार्जर लावलेला असणे हा दोष नव्हे. बॅटरी शंभर टक्क्यांवर तासन्‌तास उभी राहणे हा दोष आहे. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण पुढचा उपाय त्यावरच उभा आहे. दर तासाला पिन काढण्या-घालण्याची कवायत करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे कष्ट मोठे आणि फायदा थोडा असतो.

पहिला उपाय: ८० टक्क्यांवर मर्यादा

बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिलेली असते, फक्त ती बहुधा आपल्याला सुरू करावी लागते. लेनोव्होमध्ये व्हँटेज या प्रोग्रामात 'कन्झर्वेशन मोड' आहे. डेलमध्ये बायोसमधून (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधून) किंवा कंपनीच्या प्रोग्राममधून 'प्रायमरिली एसी यूज' निवडता येते, किंवा 'कस्टम' निवडून चार्जिंग कुठे सुरू व्हावे आणि कुठे थांबावे ते स्वतः ठरवता येते. एचपीच्या अनेक, विशेषतः व्यावसायिक, मॉडेलांत बायोसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' सापडतो. असूसमध्ये मायअसूस आणि एसरमध्ये एसरचा स्वतःचा प्रोग्राम हेच काम करतो. मॅकबुकमध्ये 'ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग' आपल्या सवयी पाहून ८० टक्क्यांच्या पुढचे चार्जिंग लांबवते. लिनक्स वापरणाऱ्यांना टीएलपी हा प्रोग्राम अनेक मॉडेलांवर उपयोगी पडतो. सोय सापडत नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अद्ययावत करून पुन्हा पाहावे.

ज्यांचा लॅपटॉप घरी किंवा कार्यालयात एकाच जागी असतो, त्यांनी ८० ही मर्यादा बारा महिने ठेवावी. कंपनीने ६० चा पर्याय दिला असेल, तर एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तो वापरावा, असे माझे मत आहे. वळवाच्या वादळात वीज गेली तर काय, ही शंका रास्त आहे. ५० वॅट-तासांच्या बॅटरीचे ६० टक्के म्हणजे ३० वॅट-तास होतात आणि कागदपत्रांचे साधे काम करताना लॅपटॉप दहा वॅटच्या आसपास घेत असेल, तर तीन तास निघतात. घरात इन्व्हर्टर असेल तर हा प्रश्नच उरत नाही. ज्या दिवशी खरोखर दिवसभर बाहेर काम आहे, त्या दिवशी निघण्यापूर्वी तासभर मर्यादा काढून शंभर टक्के भरावे. भरल्याबरोबर वापरायला घेतलेली बॅटरी त्या एका दिवसाने बिघडत नाही. ती रात्री भरून ठेवून सकाळपर्यंत तशीच ठेवणे टाळावे.

मर्यादा लावल्यावर एक संदेश हमखास घाबरवतो. चार्जर लावलेला असूनही 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असे दिसते आणि लोक चार्जर खराब झाला म्हणून नवा घेऊन येतात. आकडा ६० किंवा ८० च्या आसपास थांबला असेल तर सर्व ठीक आहे. मर्यादा लावलेली नसताना ऐन मे महिन्याच्या दुपारी हाच संदेश आला, तर दुसरे कारण संभवते: लिथियम-आयन सेलसाठी चार्जिंगची तापमानमर्यादा साधारण ४५ अंश असते आणि ती ओलांडली की लॅपटॉप स्वतःच चार्जिंग थांबवतो किंवा मंदावतो. अशा वेळी लॅपटॉप बंद करून अर्धा तास थंड जागी ठेवावा आणि पुन्हा लावावा. तेवढ्याने चार्जिंग सुरू झाले, तर चार्जर निर्दोष आहे. तरीही झाले नाही, तर मग चार्जरचे वॅट पाहावेत. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तर जड कामाच्या वेळी बॅटरी चार्जर लावलेला असतानाही उतरत राहते आणि विनाकारण चक्रे वाढतात.

उष्णता

मर्यादेने निम्मे काम होते, उरलेले निम्मे जागेचे आहे. मी टेबल पश्चिमेच्या खिडकीपासून काढून आतल्या भिंतीशी नेले. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नये, कारण गवताच्या ताट्यांतून बारीक तुषारही येतात. पण कूलर चालू असलेल्या खोलीत काम करणे हा मे महिन्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण आपली कोरडी हवा त्याला पूरक असते आणि खोली दहा अंशांनी सहज उतरते. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून चार्जिंग करू नये, तळाच्या जाळ्या बंद होतात. चार्जिंग स्वतःही उष्णता निर्माण करते, म्हणून बॅटरी भरायची असेल तर ती सकाळी सहा-सातच्या गारव्यात भरावी आणि दुपारचे जड काम, उदाहरणार्थ मोठे नकाशे किंवा व्हिडिओ, मर्यादेवर स्थिर असलेल्या बॅटरीसह थेट चार्जरवर करावे.

बॅगेत ठेवण्यापूर्वी लॅपटॉप नुसता झाकण लावून झोपवू नये. अनेक नवी यंत्रे त्या अवस्थेतही अधूनमधून जागी होतात आणि बंद बॅगेत तापतात. शट डाउन किंवा हायबरनेट करावे. उन्हात उभ्या कारमध्ये तर लॅपटॉप दहा मिनिटांसाठीही सोडू नये. मे महिन्यात बंद कारच्या आत तापमान ६० अंशांवर जाऊ शकते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दोन महिने गावी जाणार असाल, तर बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणून लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. स्लॅबलगतच्या माळ्यावर ठेवू नये. शून्यावर ठेवलेली बॅटरी महिन्याभरात इतकी उतरू शकते की नंतर ती चार्जच घेत नाही. रोजच्या वापरातही २० टक्क्यांच्या खाली जाऊ देण्याची गरज नसते. थोडे वापरून थोडे भरणे या बॅटरीला मानवते.

टक्के अचानक कोसळत असतील तर

३५ टक्के दिसत असताना लॅपटॉप एकदम बंद पडतो, ही वेगळी तक्रार आहे आणि तिची कारणे दोन आहेत. सेल खरोखर झिजले असतील, किंवा मोजणी चुकत असेल. टक्केवारी म्हणजे बॅटरीत शिरलेल्या आणि निघालेल्या विजेच्या हिशेबावरून काढलेला अंदाज असतो आणि महिनोन्‌महिने अर्धवट चार्जिंग झाले की त्या हिशेबात चूक साचते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते आणि हवामान खात्याने नंतर तो संवेदकाचा बिघाड असल्याचे सांगितले. त्या दिवशी ऊन कडक होतेच, पण आकडा खरा नव्हता. बॅटरीच्या आकड्याकडेही असेच तपासून पाहावे.

त्यासाठी मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरावी, दोनेक तास तशी ठेवावी, मग साध्या कामावर ती पाच-सात टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी आणि पुन्हा सलग पूर्ण भरावी. त्यानंतर मर्यादा परत लावावी. एवढ्याने कोसळणे थांबले तर दोष मोजणीचा होता. तरीही तसेच घडत असेल, तर सेल गेले आहेत. ही फेरी दोन-तीन महिन्यांतून एकदाच करावी, आणि तीही उन्हाळ्याच्या दुपारी नव्हे.

बॅटरी बदलावीच लागली तर

दुकानातल्या पेटीत पडलेली बॅटरीही वयाने झिजते, विशेषतः तापलेल्या गोदामात. म्हणून उत्पादनाची तारीख पाहावी, शक्य तितकी ताजी घ्यावी आणि बसवल्यावर काउंटरवरच वर सांगितलेला अहवाल काढून फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या जवळ आहे ना, ते पाहावे. हा आग्रह धरण्यात संकोच करू नये; चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही. शक्य असेल तेथे कंपनीची मूळ बॅटरीच घ्यावी, कारण डुप्लिकेट बॅटरीच्या सर्किटमधले आकडे खरे असतीलच असे नाही.

फुगलेली बॅटरी मात्र त्याच क्षणी वापरातून काढावी. टचपॅड अडकणे, झाकणाला फट पडणे, लॅपटॉप डुगडुगणे यांपैकी एकही खूण दिसली तर चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि दुकान गाठावे. ती दाबून बसवण्याचा किंवा टोचून हवा काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये, तिला आग लागू शकते. ती घरच्या कचऱ्यातही टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे ती द्यावी.

माझी तिसरी बॅटरी जूनमध्ये बसवली, त्याला आता दोन उन्हाळे पूर्ण झाले आहेत. मर्यादा पावसाळा-हिवाळ्यात ८० आणि उन्हाळ्यात ६०, टेबल आतल्या भिंतीशी, कूलर दुपारी बारापासून. गेल्या आठवड्यात काढलेल्या अहवालात डिझाइन कपॅसिटी ५०,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी ४६,४०० आहे. चक्रे ८८, म्हणजे दुसऱ्या बॅटरीपेक्षा जास्तच.